गॅस गेला म्हणायच्या आधी पॅनेल उघडा

दोन दरवाजांचा फ्रिज थंड करेनासा झाला की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं. "गॅस गेलाय." फोनवर सांगा, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा, नाहीतर मेकॅनिक घरी येऊन कॉम्प्रेसरला हात लावू दे, निकाल तोच. आपल्या सोपाऱ्याजवळ गास नावाचं गावच आहे, त्यामुळे त्यावरचे विनोद भरपूर ऐकलेत. बिल हातात आलं की मात्र कुणी हसत नाही.

त्यामुळे मंडळी, टँकर, खड्डे आणि महापालिका उद्या. आज फ्रिज.

गेल्या जुलैत आमच्या घरी वरचा फ्रीझर व्यवस्थित होता. बर्फ जमत होता, बोंबील दगडासारखे कडक. खाली मात्र दूध दुसऱ्या दिवशी नासायला लागलं, कोथिंबीर काळी पडली. दुधाचं एक बरं असतं, नासलं की कळतं. आमच्या आईचं इन्सुलिन खालच्या कप्प्यात असतं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. ती गरम झाली तरी दिसायला तशीच दिसते. मुक्कामाला तापमान मोजायचं काही साधन नव्हतं, म्हणून आधी शेजारच्या ताईंच्या फ्रिजमध्ये बाटल्या हलवल्या आणि मग सर्व्हिसवाल्याला फोन केला.

सर्व्हिसचा मुलगा आला, दार उघडलं, बंद केलं, मागे कान लावला. "सर, गॅस कमी झालाय. भरायला ३,८०० होतील. तसा फ्रिज नऊ वर्षांचा आहे, एक्स्चेंजमध्ये नवीन बघा." पाच मिनिटांत काम संपलं. एक स्क्रूसुद्धा उघडला नव्हता.

आता इथे थोडं थांबू. फ्रिजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे भोक न बुजवता टाकी भरणं. शिवाय हल्लीच्या बहुतेक फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो पेट घेणारा वायू आहे. घरगुती फ्रिजमध्ये भरला जातो जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम. तो मापून, गळती तपासून भरायचं काम आहे, अंदाजाने नाही. तुमच्या फ्रिजमध्ये कोणता गॅस आहे ते आतल्या किंवा मागच्या लेबलवर लिहिलेलं असतं. एकदा वाचून ठेवा.

दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या गल्लीत बसणाऱ्या एका जुन्या मेकॅनिकला बोलावलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आल्या आल्या त्यांनी आमच्या मिसेसना दोन प्रश्न विचारले. "वहिनी, पहिले खालचं गरम झालं की वरचं? आणि आतून घासल्यासारखा खरखर आवाज येत होता का?" पहिले खालचं, आणि हो, आठवडाभर खरखर येत होती. "मग गॅस नाय. पॅनेल खोलू."

फ्रीझरमधलं मागचं प्लास्टिकचं पॅनेल काढलं, तर मागे बर्फाची पांढरी भिंत. पंख्याची पाती त्यातच अडकलेली.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये थंडावा तयार होतो तो याच पॅनेलमागच्या कॉइलवर. पंखा ती थंड हवा वर फिरवतो आणि एका वाटेने खाली सोडतो. आपल्याकडची हवा तुम्हाला माहीत आहे, पावसाळ्यात चादरीसुद्धा ओल्या लागतात. दार उघडलं की ती दमट हवा आत जाते आणि कॉइलवर बर्फ होऊन बसते. तो वितळवायला कॉइलखाली हीटर असतो. जुन्या मॉडेलमध्ये एक छोटा घड्याळी टायमर कॉम्प्रेसर सहा ते बारा तास चालला की त्याला थांबवतो आणि वीस-तीस मिनिटं हीटर लावतो. नवीन मॉडेलमध्ये हेच काम सेन्सर आणि सर्किट बोर्ड करतात. वितळलेलं पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये पडतं आणि वाफ होऊन जातं. ही साखळी तुटली की बर्फ साचतो, हवेची वाट बुजते, खालचा कप्पा आधी गरम होतो. वरचा फ्रीझर अजून थंड असल्यामुळे आपल्याला वाटतं फ्रिज 'अर्धा' चालू आहे.

गॅस गळला असेल तर चित्र वेगळं दिसतं. कॉम्प्रेसर अखंड चालतो, फ्रीझरही नीट गोठवत नाही आणि पॅनेलमागे कॉइलच्या एका टोकालाच थोडा बर्फ दिसतो, बाकी कोरडी. आमच्याकडे पूर्ण कॉइल गाडली गेली होती. म्हणजे थंड करणारी यंत्रणा शाबूत, वितळवणारी आजारी. हे बघायला चार स्क्रू पुरले.

पुढचा तास मी स्टूल टाकून बघत बसलो. चाचांनी टायमर स्क्रूड्रायव्हरने हळूहळू फिरवला. टक् आवाज झाला, कॉम्प्रेसर थांबला. टायमर ठीक. पण हीटर तापेना. मग प्लग काढला. (हे महत्त्वाचं आहे, घरात प्रयोग करणाऱ्यांनो, आत २३० व्होल्ट खेळत असतात.) गरम पाण्याची पातेली ठेवून बर्फ उतरवला, सुरी लावली नाही. मीटरवर हीटर जिवंत, फ्यूजही जिवंत. राहिला बायमेटल, कॉइलला चिमट्याने लावलेलं नाण्याएवढं थर्मोस्टॅट. मीटरवर तो 'ओपन' दाखवत होता.

मी म्हटलं, "सापडला!"

चाचा हसले. "सर, हा गरम असताना ओपनच दाखवणार. चांगला असला तरी. थंडीत जोडायचा आणि गरमीत तोडायचा, हेच त्याचं काम." बरेच जण इथेच फसतात आणि चांगला पार्ट फेकतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ग्लासात बर्फ आणि मूठभर जाडं मीठ घातलं, कुल्फीवाले करतात तसं, आणि पिशवीतला नवा बायमेटल आणि आमचा जुना दोन्ही त्यात बुडवले. दहा मिनिटांनी नव्यावर मीटर वाजला. जुना गप्पच. पार्ट साडेतीनशेचा, मजुरी पाचशे. पाण्याची नळी साफ करून दिली ती वेगळीच.

मला राग त्या सर्व्हिसच्या मुलाचा आला नाही. विचार करा, त्याने पॅनेल उघडून, बर्फ उतरवून, दीड तास तपासून "बायमेटल गेलाय" सांगितलं असतं तर त्याला काय मिळालं असतं? आपणच म्हणतो ना, "नुसतं बघायचे कसले पैसे?" निदानाला किंमत नाही म्हटल्यावर तो सगळ्यात महाग वस्तूच सांगणार. चाचांनाही मी विचारलं, नुसतं तपासलं असतं तर किती घेतले असते. म्हणाले, "लोक चाय पाजतात."

नालासोपाऱ्यात भाड्याने राहणाऱ्या, हप्त्यावर फ्रिज घेतलेल्या घराला या चुकीच्या निदानाची किंमत मोजावी लागते. गॅस भरल्यावर फ्रिज आठ-दहा दिवस झकास चालतो, कारण कामाच्या वेळी बंद ठेवल्याने बर्फ वितळलेला असतो. परत बिघडला की "आता कॉम्प्रेसर गेला." मग एक्स्चेंज.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. घरगुती उपकरणं तिच्या यादीत होती. २४ डिसेंबर २०२२ ला, ग्राहक दिनी, पोर्टलही सुरू झालं. चांगली सुरुवात, पण पोर्टल हा कायदा नाही. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून फ्रिज बनवणाऱ्यांवर बंधन आहे: थर्मोस्टॅट, तापमानाचे सेन्सर, सर्किट बोर्ड शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान ७ वर्षं व्यावसायिक मेकॅनिकला मिळाले पाहिजेत, दाराचं रबर १० वर्षं. दुरुस्तीची माहितीसुद्धा द्यावी लागते. आपल्या चाचांकडे सर्किटचे कागद आहेत ते झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं पुसलेली.

तोवर आपल्या हातात जे आहे ते सांगतो. खालचा कप्पा गरम आणि फ्रीझर थंड असेल तर सामान हलवा, प्लग काढा आणि दोन्ही दारं उघडी ठेवून पूर्ण २४ तास बंद ठेवा. खाली फडकी टाका. चालू केल्यावर आठवडाभर उत्तम चालून परत तेच झालं तर संशय डिफ्रॉस्टवर. २४ तासांनंतरही गोठवतच नसेल तर गॅस किंवा कॉम्प्रेसर तपासायला लावा. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढा, सहज निघाला तर दमट हवा तिथून शिरतेय. एका दरवाजाच्या फ्रिजला हे लागू नाही. त्यात बर्फ जमणारच, बटण दाबून वितळवायचा. आणि त्याला सुरी अजिबात लावू नका, तिथली नळी पातळ असते. तिला भोक पडलं की मग गॅस खरोखर जातो.

मेकॅनिकला आधीच सांगा, तपासायचे दोनशे-तीनशे देतो, काम नाही निघालं तरी देतो, पण पॅनेल माझ्यासमोर उघडायचं. नकार दिला तर दुसरा बघा.

वसई, नायगाव, विरार, अर्नाळा, तुमच्या भागात असा उघडून बघणारा कुणी असेल तर त्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन कॉमेंटमध्ये भाग लिहा. गणपतीच्या आधी यादी करून पिन करतो. मोदकाचं सारण तेव्हा बऱ्याच घरांत फ्रिजमध्येच असतं.