दार घडवताना

विद्यार्थी मित्रहो, हा लेख वाचण्यापूर्वी एक लहानशी गोष्ट करा. आपल्या घराच्या पुढच्या दाराशी जा, ते एकदा उघडा आणि मिटा. कडीपर्यंत हात किती उंच न्यावा लागला, दार आत उघडले की बाहेर, उंबऱ्यावरून पाय किती उचलावा लागला, याची मनाशी नोंद ठेवा. दिवसातून कितीतरी वेळा आपण ही क्रिया करतो; पण तिच्याकडे लक्ष देऊन पाहत नाही. वयाची पस्तिशी उलटेपर्यंत मीही पाहिले नव्हते, आणि मी तर सुताराची मुलगी.

आमचे घर केडगावात आहे. पुण्याहून येणारा रस्ता अहमदनगरात, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगरात, शिरण्याआधी हे गाव लागते. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला येणाऱ्या लोकांमुळे पंचक्रोशीत ते केडगाव देवीचे म्हणून ओळखले जाते. आता ते शहराचाच भाग झाले आहे. मातीच्या भिंतींची घरे गेली, सिमेंटची आली आणि दोन्ही काळांत त्या घरांना दारे लागली. त्यांतली पुष्कळशी माझ्या वडिलांनी घडवली. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. चौकटीला गुण्या लावून एक डोळा मिटून पाहणारे आण्णा, ही माझ्या बालपणाची सर्वांत जुनी आठवण आहे.

संसार, मुले आणि दुकानाचे हिशेब यांतून वाट काढत मी उशिरा अंतर्गत सजावटीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. रात्री सगळे झोपल्यावर पुस्तक उघडणे म्हणजे काय असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पाचा विषय मिळाला : ‘समकालीन प्रवेशद्वार’. मी मोठ्या हौसेने आराखडा काढला. आठ फूट उंच, एकसंध, कोळशासारख्या काळ्या रंगाचे दार. वर ना कडी, ना कोयंडा, ना नक्षी. मूठ दाराच्या जाडीतच लपवलेली. चौकटसुद्धा भिंतीत बुडवून टाकलेली. मासिकांत अशी दारे मी पाहिली होती आणि ‘समकालीन’ या शब्दाचा अर्थ तोच, असे मला वाटत होते.

आण्णांनी तो कागद हातात धरून बराच वेळ पाहिला. मग विचारले, “दार झ्याक आहे गं. पण तोरण कुठं बांधायचं?”

मी म्हणाले, “आण्णा, अशा दाराला तोरण नसतं.”

“मग दसऱ्याला हे घर काय करतं?” एवढेच बोलून त्यांनी कागद परत दिला.

त्यांचा प्रश्न मला तेव्हा जुन्या वळणाचा वाटला. तरीही तो मनातून जाईना. म्हणून मी दारे पाहत हिंडू लागले. पुण्यात शनिवारवाड्यापुढे उभी राहिले. 1732 मध्ये ज्याची वास्तुशांत झाली, त्या वाड्याचा दिल्ली दरवाजा टोकदार लोखंडी खिळ्यांनी भरलेला आहे. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते खिळे नेमके त्याच्या मस्तकाच्या उंचीवर बसवले आहेत. त्याच अजस्र फळीत माणसापुरती एक दिंडी आहे. मोठा दरवाजा सारखा उघडावा लागू नये आणि दिंडीतून येणाऱ्याला वाकूनच, एकेकट्याने यावे लागावे, हा त्यामागचा हिशेब. त्या दाराची शोभा मी लहानपणापासून पाहिली होती. ते कोणाला अडवते आणि कोणाला वाकवते, हे प्रथमच पाहत होते.

दिनकर केळकर यांनी आयुष्यभर जमवलेल्या आणि 1975 मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलेल्या वस्तूंच्या संग्रहालयातही गेले. दिवे, भांडी, अडकित्ते यांच्याबरोबर तिथे कोरीव दारेही जपलेली आहेत. त्यांतल्या एका दारापुढे उभी असताना माझ्या लक्षात आले, की कडीभोवतालचे लाकूड हातांनी झिजून गुळगुळीत झाले आहे. कारागिराची नक्षी चौकटीवर होती. घरातल्या माणसांची या जागी.

आणि मग शिंगणापूर. नेवासे तालुक्यातले हे शनीचे गाव आमच्या जिल्ह्यातच आहे. तिथल्या घरांना परंपरेने दारे नाहीत. नुसत्या चौकटी आहेत. शनिदेव राखण करतो, या श्रद्धेने लोक कुलूप लावत नाहीत. कुठे पडदा असतो, कुठे कुत्री-मांजरे आत शिरू नयेत म्हणून टेकवलेली फळी. 2011 मध्ये तिथे बँकेची शाखा निघाली, तीही कुलूप नसलेली म्हणून देशभर गाजली. दारांचा अभ्यास करणारी मी, दार नसलेल्या घरापुढे उभी होते. तिथे चौकट मात्र होती, उंबराही होता. झडप नसली तरी घराचे दार शिल्लक राहते, हे मला तिथे कळले. आत कुठे संपते आणि बाहेर कुठे सुरू होते, एवढे सांगितले की दाराचे पहिले काम झाले. अडवणे हे त्याचे दुसरे काम.

आपण भाषेचे विद्यार्थी आहात, म्हणून शब्दांकडेही वळते. संस्कृत ‘द्वार’पासून आपले ‘दार’ आले आणि फारसीतून ‘दरवाजा’. घराला दार असते, किल्ल्याला दरवाजा. हा सूक्ष्म भेद आपण न शिकताही पाळतो. ‘उंबरा’ या शब्दात उंबराचे झाड आहे. संस्कृतात ‘उदुंबर’ या शब्दाचा एक अर्थ उंबरठा असाच आहे. नोकरीसाठी आपण उंबरठे झिजवतो, मदतीसाठी दारोदार फिरतो, सून माप ओलांडून घरात येते. रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना मुक्ताबाईने ती उघडायला विनवले, त्या विनवणीचे ‘ताटीचे अभंग’ झाले. ताटी म्हणजे बांबूकामट्यांचे साधे दार. नाथांच्या भारुडातली साद देवीला घातलेली आहे, पण मागणे तेच : दार उघडण्याचे. मराठी माणसाने दारापाशी इतके काही मागून ठेवले आहे. माझ्या काळ्या दारापाशी मात्र मागायला कोणी थांबावे अशी जागाच नव्हती.

हे सगळे विचार वहीत होते. ते वहीबाहेर आले एका वेगळ्याच कारणाने. त्या वर्षी मार्गशीर्षात आण्णांना पक्षाघात झाला. जीव वाचला, उजवी बाजू गेली. ते घरी परतले ते चाकांच्या खुर्चीत. अंगणात रिक्षा थांबली आणि आम्ही सगळे दारापाशी अडलो.

ते दार आण्णांनी स्वतः घडवलेले होते. सागवानी, दोन सारख्या झडपांचे, वर गणेशपट्टी, खाली चार इंच उंचीचा भक्कम उंबरा. शिवाय जोत्याच्या दोन पायऱ्या. माझ्या भावाने आणि शेजारच्या मुलाने खुर्चीसकट त्यांना उचलून आत घेतले. पुढचे काही आठवडे उपचारासाठी असेच बाहेर काढावे आणि आत आणावे लागले. एके दिवशी ते म्हणाले, “मला पोत्यासारखं उचलू नका.” त्यानंतर त्यांनी बाहेर पडायचेच सोडले. दिवसभर ते दाराच्या आत बसून रस्त्याकडे पाहत. आयुष्यभर लोकांची दारे बसवणारा माणूस स्वतःच्याच उंबऱ्याआड अडकला होता.

मी प्रकल्पाचा विषय बदलला नाही, घर बदलले. मासिकातल्या घराऐवजी आमचे घर घेतले. मापे पुन्हा घेतली. साडेतीन फुटांच्या चौकटीत एकच झडप उघडली तर वाट जेमतेम पावणेदोन फुटांची उरत होती. चाकांच्या खुर्चीसाठी निदान नऊशे मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट मोकळी वाट हवी, आणि उंबऱ्याची उंची फार तर बारा मिलिमीटर, असे नियमावली सांगते. चढाला एकास बारा हे प्रमाण हवे. आमचे जोते एक फूट उंच. म्हणजे बारा फूट लांबीचा चढ. अंगण पंधरा फुटांचे होते. कागदावर सगळे जमत होते. अडचण होती ती उंबऱ्याची.

आई रोज सकाळी उंबऱ्यावर हळदकुंकू वाहते. ती म्हणाली, “उंबरा काढल्यावर लक्ष्मीनं थांबायचं कुठं?” तिच्या प्रश्नाला माझ्या नियमावलीत उत्तर नव्हते. आण्णांची जीभ तेव्हा जड होती, तरी ते सावकाश म्हणाले, “तिनं थांबायचं का आत यायचं?” आई काही बोलली नाही. दोन दिवसांनी तिने स्वतःच विचारले, की काढलेल्या उंबऱ्याचे लाकूड चुलीत तर घालणार नाही ना.

तिच्या प्रश्नातून मला आराखडा सापडला. जुन्या उंबऱ्याची पट्टी कापून घेतली आणि ती फरशीच्या पातळीत, दोन्ही चौकटींच्या मधोमध जमिनीत बसवली. पाय अडत नाही, चाक अडत नाही. पण घर कुठे सुरू होते, ते दिसते. आई आता त्याच पट्टीवर हळदकुंकू वाहते. भिंत थोडी फोडून चौकट रुंद केली. झडपा दोनच ठेवल्या, पण असमान : एक तीन फूट दोन इंचांची, रोज उघडण्याची, दुसरी फूटभराची, कपाट किंवा पलंग न्यायचा झाला तर उघडण्याची. दारातले भिंग दोन उंचींवर बसवले, एक उभ्या माणसासाठी, एक बसलेल्यासाठी. गणेशपट्टी जुनीच, पुन्हा वर चढवली. तिच्या दोन टोकांना पितळी कड्या लावल्या, तोरणासाठी.

काम आमच्या नात्यातल्या एका तरुण सुताराने केले. देखरेख खुर्चीतून झाली. मी संपूर्ण झडप तयार फ्लश डोअरची सुचवली होती. आण्णांनी मान हलवली. आमचे दार पश्चिमेला आहे, नगरचा उन्हाळा कोरडा आणि कडक, आणि आई रोज दारात पाणी मारते. वरून ऊन आणि खालून ओल लागली की चिकटवलेले थर सुटतात. सागवानाच्या चौकटीत सुट्या फळ्या खाचेत बसवल्या, तर त्या उन्हाळ्यात आकसतात, पावसाळ्यात फुगतात आणि तरी तडकत नाहीत, कारण त्यांना हलायला जागा ठेवलेली असते. हे त्यांनी डाव्या हाताने कागदावर रेघा ओढून समजावले. जुन्या दाराच्या फळ्या अशा रीतीने नव्या दारात आल्या.

सारे निर्दोष झाले असे मात्र समजू नका. आमच्याकडे खरा पाऊस भाद्रपदात येतो. परतीच्या पहिल्याच जोरदार सरीत, रात्री वाऱ्याबरोबर पाणी थेट घरात शिरले. चार इंचांचा उंबरा इतकी वर्षे तेही काम करत होता आणि तो काढताना मी ते विचारातच घेतले नव्हते. आई गोणपाटे अंथरत होती, मी पाणी काढत होते आणि आण्णा खुर्चीतून म्हणत होते, “पन्हळ विसरलीस.” नंतर दाराबाहेर आडवी दगडी पन्हळ काढली, तिच्यावर लोखंडी जाळी टाकली, चढाला बाहेरच्या बाजूने किंचित उतार दिला आणि झडपेच्या खालच्या कडेला रबरी पट्टी लावली. जुन्या वस्तूतला एखादा भाग निरुपयोगी म्हणून काढून टाकण्यापूर्वी तो कोणकोणती कामे गुपचूप करत होता, हे विचारायला मी त्या रात्री शिकले.

प्रकल्पाला मला मध्यम गुण मिळाले. परीक्षकांना त्यात नावीन्य कमी वाटले. त्यांचेही चुकले असे मी म्हणणार नाही. छायाचित्रात ते दार साधेच दिसते. पण ‘समकालीन’ या शब्दाचा अर्थ मी आता निराळा लावते. समकालीन म्हणजे त्याच काळात असणारा. माझ्या घरात त्या काळी एक पूजा करणारी आई होती, पंगू झालेले वडील होते, दिवसातून दहादा धावत आत-बाहेर करणारी मुले होती. या सगळ्यांच्या काळात जे दार उभे राहू शकते, ते समकालीन. रंग काळा असो वा नसो.

दार पुरे झाले त्या संध्याकाळी आण्णांनी कोणालाही हात लावू दिला नाही. डाव्या हाताने चाक आणि डाव्या पायाने जमीन रेटत ते पट्टीवरून पलीकडे गेले आणि चढाच्या माथ्यावर थांबले. पश्चिमेकडचे ऊन तोंडावर घेत बराच वेळ बसले. मग मागे वळून दार न्याहाळले, सवयीने एक डोळा मिटला आणि म्हणाले, “मूठ इंचभर खाली पाहिजे.” त्यांचे म्हणणे बरोबर होते. दुसऱ्या दिवशी मी ती इंचभर खाली घेतली.

मित्रहो, आता पुन्हा एकदा उठून आपल्या दाराशी जा. ते कोणी घडवले, कोणासाठी घडवले, त्याच्या कोणत्या भागाचे काम आपल्याला आजवर कळलेच नव्हते, हे स्वतःला विचारा. घरातल्या कोणाला ते दार जड जाते, हा प्रश्न विसरू नका. उत्तर सापडले, तर पहिले दहा-वीस ओळींचे टिपण आजच लिहून ठेवा.