दर वेळी नवी मांडणी

कॅरमचा एक डाव संपला की आपण काय करतो? सोंगट्या गोळा करतो आणि पुन्हा मधोमध मांडतो. 9 पांढऱ्या, 9 काळ्या आणि मध्ये राणी. मागच्या डावातल्या उरलेल्या सोंगट्यांवर कुणी नवा डाव खेळत नाही.

मी संगणकाचे प्रोग्राम लिहितो. तिथेही हाच नियम लागतो, बरं का!

माझी भाची पायथॉन शिकते आहे. तिने वाचनालयाचा छोटासा प्रोग्राम लिहिला आणि तो तपासायला दोन चाचण्या केल्या. चाचणी म्हणजे प्रोग्रामचा एकेक भाग तपासणारा आणखी छोटा प्रोग्राम. 3 पुस्तकांची यादी तिने फाईलच्या वरच एकदा करून ठेवली होती. पहिली चाचणी : एक पुस्तक दिलं की 2 उरतात का? पास! दुसरी : सुरुवातीला 3 पुस्तकं असतात का? नापास! पण दुसरी एकटीच चालवली, तर पास.

"मामा, माझा प्रोग्रामच चुकलाय," म्हणत ती सगळं पुसायला निघाली. मी तिचा हात धरला. प्रोग्राम अगदी बरोबर होता. पहिल्या चाचणीने नेलेलं पुस्तक परत आलंच नव्हतं, एवढंच!

यासाठी पायथॉनमध्ये 'सेटअप' नावाची सोय असते. यादी करण्याच्या ओळी तिथे लिहायच्या. मग प्रत्येक चाचणीआधी पायथॉन त्या आपणहून चालवतो. 10 चाचण्या असतील, तर 10 वेळा. या तयार मांडणीला 'फिक्स्चर' म्हणतात. 1997 साली केंट बेक आणि एरिक गामा यांनी एका विमानप्रवासात जावा भाषेसाठी 'जेयुनिट' लिहायला घेतलं, त्यातही ही सोय आहे. मात्र सेटअपमध्ये सगळ्या चाचण्यांना लागेल तेवढंच ठेवावं. उगाच पसारा नको.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण मांडणी जुनी राहिली, तर निर्दोष प्रोग्रामवर आळ येतो. कधी याहून वाईट होतं. चुकीचा प्रोग्राम आधीच्या चाचणीच्या उरल्यासुरल्यावर पास होऊन जातो. शेजारच्याचा पेपर बघून पास होण्यासारखंच ते! आणि अशा प्रोग्रामवर आपण विश्वास ठेवून बसतो.

तुमच्या चाचण्या एकदा एकेकट्या चालवा, मग क्रम उलटा करून चालवा. निकाल तोच आला, तर खुशाल भरवसा ठेवा.