राखण

मराठीत 'सापळा' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक हाडांचा सापळा, दुसरा उंदरांचा. पहिला देहाला आतून धरून ठेवतो, दुसरा बाहेरून. 'यंत्र' ह्या शब्दाच्या मुळाशीही आवरण्याचा, बांधून ठेवण्याचाच अर्थ आहे. म्हणजे पकडणे ही कल्पना भाषेत यंत्राच्या आधीपासून आहे. शब्दांचे असे धागे सोडवत बसणे हा आम्हा दोघांचा पेशाच आहे. मात्र ह्या धाग्याकडे आमचे लक्ष गेले ते वर्गात नव्हे, राजापूर तालुक्यातील वडिलोपार्जित बागेत. सुमारे साठ हापूसची कलमे, वीस-बावीस माड, गडग्यालगत भाताचे दोन तुकडे. सुट्ट्यांत आणि शनिवार-रविवारी जेवढे जमेल तेवढे आम्ही बघतो, एरवी शेजारचे काका बघतात.

कोकणातल्या बागायतदाराचे निम्मे आयुष्य राखणीत जाते. लावणे आणि काढणे ह्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. राखणीविषयी मात्र आधुनिक मराठी साहित्य बरेचसे गप्प आहे. प्राचीन साहित्य तसे नव्हते. महाराष्ट्री प्राकृतातल्या 'गाथासप्तशती'त भाताची राखण करणाऱ्या स्त्रिया भेटतात, आणि कालिदासाच्या 'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गात उसाच्या सावलीत बसून रघूचे यश गाणाऱ्या शाळीराखणी आहेत. त्या गातात हे खरे. पण त्या तिथे बसल्या आहेत त्या पाखरे हाकायला, हे शिकवताना आपण सहसा विसरतो.

राखणीची साधने घरीच बनतात. त्यांत बुजगावणे सर्वांत परिचित. हा शब्द 'बुजणे' ह्या क्रियापदावरून आला. घोडा बुजतो, गुरे बुजतात, म्हणजे अनोळखी वस्तू पाहून दचकतात. सारा जोर त्या अनोळखीपणावर आहे. पाखरू दचकते ते माणसाच्या आकाराला नव्हे, आकाराच्या नवेपणाला. म्हणून एकाच जागी, एकाच सदऱ्यात उभे राहिलेले बुजगावणे काही दिवसांत निरुपयोगी होते आणि कावळे त्याच्याच खांद्यावर बसू लागतात. काका त्याची जागा दर दोन दिवसांनी बदलतात, कधी त्याच्या डोक्यावर टोपलीही ठेवतात. ते नुसते उभे करून भागत नाही. रोज नव्याने रचावे लागते.

आंब्याच्या खोडाला भिरूड लागते. खोडावर, बुंध्याशी भुसा दिसला, की आत अळी पोखरत आहे असे समजायचे. काकांचे त्यावरचे हत्यार म्हणजे जुन्या छत्रीची काडी, टोकाशी किंचित वाकवलेली. भुसा ओला आहे की सुका, भोक वर चढते आहे की आडवे, हे पाहून ते काडी आत सारतात आणि अळी ओढून काढतात. माडाच्या शेंड्यात शिरणाऱ्या गेंड्या भुंग्यालाही अशीच आकडी लागते. पण त्याची पैदास कुजक्या शेणखतात होते, म्हणून खरा बंदोबस्त माडाच्या शेंड्याशी नव्हे, खताच्या खड्ड्याशी. शिवाय एरंडीची पेंड पाण्यात आंबवून मडके जमिनीत गळ्यापर्यंत पुरले, की वासाने भुंगे येऊन त्यात पडतात. उंदरांसाठी माडाच्या खोडाला पुरुषभर उंचीवर पत्र्याचा गुळगुळीत पट्टा गुंडाळतात. त्यावर उंदराची नखे ठरत नाहीत. मात्र शेजारच्या माडाची झावळी ह्या माडाला टेकत असेल तर पट्टा व्यर्थ, कारण उंदीर खालून येतच नाही. अर्थात पट्टा बांधण्यापूर्वी मान वर करून झावळ्या पाहाव्या लागतात.

ह्या सगळ्यांत आम्हांला सर्वाधिक विस्मय वाटला तो फळमाशीच्या सापळ्याचा. पिकू लागलेल्या आंब्याच्या सालीखाली मादी अंडी घालते. फळ बाहेरून निर्दोष दिसते आणि कापल्यावर आत अळ्या. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबवली, तिच्या कारणांत ही माशी होती. बंदी उठली ती जानेवारी २०१५ मध्ये. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ह्या माशीसाठी 'रक्षक' सापळा विकसित केला. काका त्याच तत्त्वावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचे सापळे करतात. बाटलीला भोके पाडायची, आत लाकडाचा ठोकळा तारेने टांगायचा आणि त्याला मिथाइल युजेनॉल व थोडे कीटकनाशक पाजायचे. हा गंध नर माशीला ओढून घेतो. तुळशीच्या तेलातही हेच द्रव्य असते. नर मेले, की पुष्कळ माद्यांची अंडी फळत नाहीत. बाटलीजवळून मधमाशी जाते, फुलपाखरू जाते. त्यांना त्या गंधात काही नाही. तो निरोप फळमाशीच्या काही जातींच्या नरांना उद्देशून आहे आणि तेच तो वाचतात.

'उद्देशून' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. हल्लीची वर्तमानपत्रे अशा सगळ्या खटपटींना 'जुगाड' म्हणून एकाच पोत्यात भरतात आणि त्यांचे सरसकट कौतुक करतात. आम्हांला ते कौतुक मान्य नाही. घरी बनवलेले साधन घरी बनवले म्हणून चांगले ठरत नाही. ते कोणाला उद्देशून आहे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

ह्या प्रश्नाशी आमची गाठ पडली ती रानडुकरांमुळे. भात पोटरीला आले, की डुकरांचा कळप रात्रीतून उतरतो आणि खातो त्याहून अधिक तुडवतो. एका पावसाळ्यात काकांचा अर्ध्याहून अधिक भात असा गेला. वनखात्याकडे अर्ज, पंचनामा, नुकसानभरपाई हा मार्ग आहे, पण तो पुढच्या महिन्याच्या तांदळाची सोय करत नाही. काकांनी आमच्या गडग्यातल्या खिंडारात फासकी लावायची परवानगी मागितली. फासकी म्हणजे दुचाकीच्या ब्रेकची तार, सरकगाठ आणि एक खुंटा. जनावर पुढे गेले, की गाठ आवळते. जितके ओढावे तितकी अधिक.

आम्ही नाही म्हटले. कायद्याचे कारण होतेच, पण ते पुढे केले असते तर काकांनी नुसती मान हलवली असती. आम्ही बिबट्याचे नाव घेतले. रत्नागिरी-सिंधुदुर्गात डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकल्याच्या बातम्या वारंवार येतात, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले हे जनावर. काकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचा पगार डुक्कर खात नाय."

ह्या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही पुरते नाही. निसर्गाविषयीची आमची ममता दर महिन्याच्या पहिल्या तारखेवर उभी आहे. ज्याचे ताट तुडवले जाते त्याला संयम शिकवण्याचा अधिकार पगारदाराला कितपत? पण काकांचे म्हणणे खरे मानूनही फासकी योग्य ठरत नाही, असे आम्हांला वाटत राहिले. त्याचे कारण काही दिवसांनी समोर आले. वाडीतल्या दुसऱ्या कोणी तरी ओढ्याकाठी लावलेल्या फासकीत काकांचाच कुत्रा सापडला. काकांनी पक्कडीने तार तोडली. कुत्रा वाचला, एक पाय मात्र कायमचा अधू झाला. फासकी कोणी लावली हे काकांना ठाऊक होते. त्यांनी नाव घेतले नाही. तार खिशात घालून ते घरी आले आणि आमच्या खिंडाराचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

फासकी कोणालाच उद्देशून नसते. ती वाटेला लावलेली असते, जनावराला नव्हे. वाटेने डुक्कर येवो, बिबट्या येवो, कुत्रा येवो, तिला सर्व सारखे. वीजवाहिनीवर आकडा टाकून कुंपणात थेट प्रवाह सोडणे हा तिचाच अधिक भयंकर भाऊ. त्याने माणसेही मेली आहेत. फवारणीचे विषही बऱ्याचदा असेच असते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा ते विष तर बोंडअळीसारख्या किडींसाठी होते. माकडे पळवायला निघालेल्या कार्बाइडच्या नळीबंदुका ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात मुलांच्या हाती खेळणे म्हणून गेल्या आणि अनेकांच्या डोळ्यांना इजा करून गेल्या.

पुढच्या वर्षी काका आणि आम्ही मिळून दोन्ही शेतांभोवती सौर कुंपण घातले. त्याला आमच्या भागात 'झटका मशीन' म्हणतात. तारेतून सलग प्रवाह जात नाही, सेकंदाला साधारण एक असा क्षणिक ठोका जातो. तो चटका देतो, जीव घेत नाही. खर्चाचा मोठा वाटा आम्ही उचलला. ते औदार्य नव्हते. पगाराविषयीच्या त्या वाक्याला दिलेले ते अपुरे उत्तर होते. तार किती उंचीवर लावायची हे मात्र काकांनी ठरवले. विक्रेत्याने सांगितलेली उंची त्यांना पटली नाही. डुक्कर राठ केसांनी झाकलेले; पाठीला तार लागली तर त्याला फारसे काही होत नाही. ते नाकाने चाचपत येते आणि नाक ओले असते. म्हणून सर्वांत खालची तार त्याच्या नाकाच्या उंचीवर हवी. काकांनी चिखलातल्या उकिरलेल्या जागा पाहिल्या, वीत लावून मोजले आणि तार खाली ओढून बांधली. छत्रीच्या काडीने भिरूड शोधणारा माणूस डुकराचेही वाचन तसेच करत होता.

ह्या कुंपणाची एक कटकट आहे. पावसात गवत वाढते, तारेला टेकते आणि सगळा जोर जमिनीत निघून जातो. त्यामुळे श्रावण-भाद्रपदात रोज एक फेरी मारून तारेखालचे गवत कापावे लागते. आम्ही असलो की आम्ही कापतो, नसलो की काका. विळा घेऊन वाकले, की रात्री कोण येऊन गेले ते मातीत दिसते: डुकराचे खूर, सायाळीचा एखादा काटा, मुंगसाची पावले. फासकी लावली, की दुसऱ्या दिवशी फक्त काय सापडले ते पाहायचे असते. तिचे खरे आकर्षण हेच असावे, की एकदा लावल्यावर कोणाकडेच पाहावे लागत नाही. राखण ह्या शब्दात पाहणे आहे. ते टाळण्याची सोय जे साधन देते ते राखणीचे नव्हे, मग ते कितीही युक्तीने आणि कितीही स्वस्तात घरी बनलेले असो.