पानात उरते ते

मांडव उतरल्यावर मागे काय उरणार, याचा विचार लग्न ठरविताना सहसा कोणी करीत नाही. माझ्या मुलीने मात्र तो पहिल्याच बैठकीत मांडला. "आई, लग्न थाटात होऊ दे, पण मागे उकिरडा नको," एवढीच तिची अट होती.

आमच्या इंदूरात या अटीला सोपे उत्तर तयार असते. २०१७ पासून सलग सात वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात शहर पहिले आले. २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्पही येथे उभा राहिला. "सकाळी गाडी येते, सगळे घेऊन जाते. मग चिंता कसली?" असे माझे दीर म्हणाले. शहराचा अभिमान मलाही आहे. परंतु गॅस व्हावा म्हणून का कोणी जिलबी तळते? गाडीने नेले तरी वाया गेलेले अन्न वायाच गेलेले असते. ते केवळ आपल्या नजरेआड होते.

वस्तूंचा प्रश्न फारसा अडला नाही. थर्मोकोलची सजावट, प्लास्टिकची ताटे आणि पेले, पत्रिकेवरचे चकचकीत वेष्टन हे सारे १ जुलै २०२२ पासून कायद्यानेच बंद आहे. कागदी पेल्यालाही आतून प्लास्टिकचे अस्तर असते. म्हणून पाण्यासाठी स्टीलची भांडी भाड्याने आणली. पळसाच्या, काडीने टाचलेल्या पत्रावळी मिळाल्या. अक्षतांपुरतेच तांदूळ कुंकवाने रंगविले. उरलेले मसालेभातात गेले.

"आमच्या वेळी असेच तर होते!" सासूबाई आनंदाने म्हणाल्या. खरे आहे, परंतु तेव्हा परसात खरकटी भांडी घासणाऱ्या बायकांच्या कानी मंगलाष्टके तरी पडत होती का? म्हणून यंदा भांड्यांना मोबदला देऊन माणसे लावली आणि वाढण्या-आवरण्याच्या पाळ्या घरातल्या मुलांनाही दिल्या.

खरी अडचण होती ती आग्रहाची. "पानात चार जिलब्या पडल्या नाहीत, तर पाहुणचार कसला?" हा विहीणबाईंचा प्रश्न रास्तच होता, आपल्याकडे आग्रहातच माया दिसते. अखेर दोन्ही घरांनी मिळून ठरविले, की एका वेळी थोडेच वाढावे, पण पंक्तीतून पुनःपुन्हा फिरावे आणि नावाने विचारावे. पदार्थही निम्म्यावर आणले. एका वडीलधाऱ्यांनी "हात आखडलात" असे ऐकविलेच. तेही आम्ही आहेर म्हणून स्वीकारले. पत्रावळी मात्र बहुतेक स्वच्छ उचलल्या गेल्या.

मापाने वाढणे म्हणजे कंजूषपणा नव्हे. शेतात राबणारे, चुलीपुढे तापणारे आणि पहाटे आपला कचरा उचलणारे हात लग्नपत्रिकेत कुठेच नसतात. पानात काही न टाकणे हा त्यांचा मान आहे. मानपानाच्या यादीत तो आधी लिहावा, असे मला वाटते.