मिठबाव, तालुका मालवण

प्रबंधाचं पान १४३, वरून चौथी ओळ : ‘मालवण तालुक्यातील मिठबाव येथे समुद्रालगतच्या टेकडीवर गजबादेवीचे मंदिर असून...’ पुढचं वाचायच्या आधीच माझी पेन्सिल तिथे अडकली. मिठबाव माझं माहेर. गजबादेवीची टेकडी मी परकरात असताना शेकडो वेळा चढले-उतरलेय. आणि मिठबाव देवगड तालुक्यात आहे. शेजारचं आचरं मालवणात, आम्ही देवगडात. आमच्याकडे हापुसाच्या पेटीवर ‘देवगड’ हा शब्द किती मोठा रंगवतात ते पाहिलेल्या माणसाला तालुक्याची चूक डोळ्यात कुसळासारखी खुपते.

मी मराठीची प्राध्यापक. पाठचिकित्सा, म्हणजे जुन्या पोथ्यांच्या नकला ताडून मूळ पाठ शोधणं, हा माझा विषय. निवृत्तीनंतरही विद्यापीठाने एका समितीवर ठेवलं होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्यप्रतिबंधाचे नियम केले, त्यानुसार प्रत्येक विभागात तिघांची समिती लागते : विभागप्रमुख, विभागाबाहेरचा एक ज्येष्ठ अध्यापक, आणि साम्य तपासणाऱ्या संगणकप्रणालीची जाण असलेला एक. या प्रबंधाच्या बाबतीत बाहेरची ज्येष्ठ मी होते. विषय दक्षिण कोकणातली देवस्थानं आणि त्यांच्या जत्रा. प्रकरण समितीपुढे आलं त्याचं कारण मात्र उलटं होतं. साम्याचा अहवाल शून्य टक्के आला होता.

शून्य येत नाही हो. अगदी सचोटीच्या प्रबंधालाही दोन-चार टक्के लागतातच. ‘प्रस्तुत प्रकरणात’, ‘वरील विवेचनावरून असे दिसून येते की’ ही वाक्यं आपण सगळे एकाच गिरणीतून दळून आणतो. तंत्रज्ञ सदस्याने फाईल उघडून दाखवली. प्रबंध जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये टाईप केलेला. आपल्या डोळ्यांना ‘मंदिर’ दिसतं, पण आतमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो, इतकंच. यंत्र मुखवटा बघत नाही. त्याला दिसतो कचरा, आणि तसा कचरा जगात दुसऱ्या कोणी लिहिलेला नसल्याने साम्य शून्य. यात डाव होता असंही नाही. विद्यापीठाच्या फाटकासमोर टायपिंग-झेरॉक्स-बाईंडिंगची जी दुकानं आहेत, तिथे पंचवीस वर्षं हेच फाँट चालत आले आहेत.

गंमत अशी की मजकूर युनिकोडमध्ये असता तरी यंत्राने फार काही पकडलं नसतं. यंत्र ताडून पाहतं ते आपल्या साठ्यातल्या मजकुराशी. मराठीतली किती पुस्तकं त्या साठ्यात आहेत? जिल्ह्याच्या गावी निघालेली स्मरणिका, बंद पडलेलं त्रैमासिक, १९६० सालचा एखादा अप्रकाशित प्रबंध, सगळं बाहेरच. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने ‘शोधगंगा’ उभी केली, प्रबंध तिथे चढू लागले. २०१९च्या सप्टेंबरपासून ‘शोधशुद्धी’खाली विद्यापीठांना तपासणीची प्रणालीही मिळाली. चांगलं झालं. पण हिंदीतलं किंवा इंग्रजीतलं पुस्तक मराठीत उतरवून स्वतःच्या नावावर घातलं, तर यंत्र हात जोडतं. मग उरतो वाचणारा माणूस, तोही विषय माहीत असलेला.

तर मी पान १४३ घेऊन बसले. पुस्तकांच्या कपाटात हात घातला. २००४ सालच्या एका प्रबंधात तेच वाक्य, तोच ‘मालवण तालुका’. एका महाविद्यालयाच्या वार्षिकात तेच. जिल्ह्यावरच्या एका छोटेखानी पुस्तकातही तेच, फक्त ‘असून’च्या जागी ‘आहे’. चार माणसांनी गजबादेवीबद्दल लिहिलं होतं आणि चौघांपैकी एकही मिठबावला गेला नव्हता.

पाठचिकित्सेत हे पहिल्या वर्षी शिकवतात. बरोबर मजकूर दोन पोथ्यांत सारखा आला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. चूक सारखी आली तर नातं सिद्ध होतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली संपलं. १,२५९ हस्तलिखितं ताडली गेली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ साली सूत्रं हाती घेतल्यावर त्याला जी शिस्त लागली, तिचा कणा हाच : कोणती पोथी कोणत्या पोथीची लेक, हे समान चुकांवरून ओळखायचं. त्या आवृत्तीचं कुठलंही पान उघडा. वर संहिता, मग आडवी रेघ, रेघेखाली बारीक टाईपात कोणत्या पोथीत कोणता पाठ आहे त्याची नोंद. वरच्या दोन ओळींसाठी खाली कधी कधी अर्धं पान. मी विद्यार्थ्यांना सचोटीवर व्याख्यान देत नाही, ते पान दाखवते. ‘हा शब्द मी का निवडला, आणि तुला पटत नसेल तर दुसरे हे घे’ असं सांगणारं पान आहे ते.

मग मी माझ्या चार पोथ्यांची वंशावळ मांडली. २०१९चा प्रबंध छोट्या पुस्तकावरून, पुस्तक २००४च्या प्रबंधावरून, तो वार्षिकावरून. वार्षिक कशावरून? दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी माळ्यावरच्या ट्रंकेतून मुंबईतल्या एका ग्रामस्थ मंडळाची १९८७ सालची स्मरणिका निघाली, आणि तिच्यात लेख होता माझाच. मी लिहिलं होतं, ‘मालवण तालुक्यातील आचरे आणि शेजारचे मिठबाव येथे...’ खिळे जुळवणाऱ्याच्या नजरेतून ‘आचरे आणि शेजारचे’ हे तीन शब्द निसटले. राहिलं ते ‘मालवण तालुक्यातील मिठबाव येथे’. प्रुफं बघायला मला सवड नव्हती. परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे होते, असं तेव्हा कारण दिलं होतं.

भावाला मिठबावला फोन केला. तो आधी मनसोक्त हसला, मग म्हणाला, “मिठबाव मालवणात कधी गेलो गे?”

बत्तीस वर्षांत माझा लेख चौघांनी वापरला, एकानेही नाव घेतलं नाही, आणि तो माझाच आहे याचा माझ्याजवळचा एकमेव पुरावा म्हणजे त्यातली चूक.

प्रबंधकर्ता समितीपुढे आला. चाळिशीला टेकलेला, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणारा, डोळ्यांखाली काळं झालेलं. “मॅडम, टक्का तर शून्य आहे,” एवढंच म्हणाला.

या ‘टक्का’ शब्दाने आपलं फार नुकसान केलंय. आयोगाच्या नियमात पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर बंदी. ६०च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. अवतरणचिन्हांत, श्रेय देऊन घेतलेला मजकूर मोजायचा नाही, संदर्भसूची मोजायची नाही, आणि सर्वज्ञात वा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही सोडून द्यायचे. नियम समंजस आहेत. पण खाली त्यांचा अर्थ असा झाला की दहा टक्के चालतं. मग सगळी हुशारी आकडा खाली आणण्यात. ‘समुद्रकिनारा’ खोडून ‘सागरतट’, ‘मंदिर’ खोडून ‘देवालय’. मी एका प्रबंधात ‘पाणीपुरवठा योजना’ची ‘जलप्रदान आखणी’ झालेली पाहिली आहे. उलट, ओव्यांवर अभ्यास करणाऱ्या एका मुलीला ३८ टक्के आले, कारण तिने ओव्या जशाच्या तशा दिल्या होत्या. ओवी बदलून कशी देणार? ती रडत आली होती. अवतरणचिन्हं घालून फाईल पुन्हा तपासली, ५ टक्के.

प्रबंधकर्त्या सरांना मी विचारलं, “अहो सर, हे तुम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं का?” त्यांनी खरं उत्तर दिलं. दहावीला गाईडातलं उत्तर शब्दशः लिहिलं की पैकीच्या पैकी, स्वतःचं लिहिलं की लाल रेघ. बारावीला तेच, बी.ए.ला सरांच्या नोट्स. वीस वर्षं जे केल्याबद्दल शाबासकी मिळाली, त्याला पीएच.डी.च्या दारात अचानक चोरी म्हणायचं. मी त्यांना माफ केलं असा याचा अर्थ नाही. पण त्यांच्या या म्हणण्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मीही चौतीस वर्षं त्याच व्यवस्थेचा पगार खाल्ला आहे.

आपल्या भाषेला हा रोग नवा नाही, त्याला नावसुद्धा आहे. तुकारामांच्या गाथेत सालोमालोवर अभंग आहेत. तुकोबांची वचनं उचलून तो स्वतःच्या नावावर खपवी, असा आक्षेप. प्रभातच्या १९३६च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात भागवतांनी तो असा रंगवला की पुढे दोन पिढ्यांना सालोमालो म्हटलं की तोच चेहरा दिसायचा. अभंगाच्या शेवटी कवीचं नाव गुंफायची आपली पद्धत, ती नाममुद्रा. सालोमालोला ओळ बदलायची गरजच नव्हती, मुद्रा बदलली की काम झालं. आजचा सालोमालो मुद्रा तशीच ठेवून ओळीतले शब्द बदलतो आणि यंत्रापुढे ताठ उभा राहतो.

आणि हे केवळ गरजू शिक्षकांचं दुखणं नाही. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर हे आपल्या अभिमानाचं नाव. पेटंट कायद्यावरच्या त्यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटाने डिसेंबर २००६मध्ये अहवाल दिला, आणि त्यातला कळीचा मजकूर शामनाद बशीर यांच्या लेखातून संदर्भाशिवाय आल्याचं उघड झालं. फेब्रुवारी २००७मध्ये अहवाल मागे घेतला गेला, दुरुस्त होऊन २००९ साली पुन्हा सादर झाला. मला त्यातलं मागे घेणं महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे दिलेला अहवाल कोण परत मागतो? पण बाकीचंही नजरेआड करता येत नाही : मोठ्या गटात मसुदा एक लिहितो, वाचतो दुसरा, सही तिसरा करतो, आणि हे वाक्य कुठून आलं असं विचारायचं कोणाच्याच वाट्याला येत नाही.

माझी स्वतःची पद्धत साधी आहे. टिपणाच्या कार्डावर पहिल्यांदा वरच्या डाव्या कोपऱ्यात पुस्तक आणि पान लिहायचं. ते लिहिल्याशिवाय खाली अक्षर नाही. दुसऱ्याचे शब्द शाईने, माझे पेन्सिलीने. सहा महिन्यांनी कार्ड हातात आलं की कोणतं वाक्य कोणाचं हे रंगावरून कळतं. बहुतेक चोऱ्या वाईट हेतूने होत नाहीत, कोऱ्या कोपऱ्याच्या कार्डांतून होतात. दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं असेल तर पुस्तक मिटून ठेवायचं आणि मग लिहायचं. तरी संदर्भ द्यायचाच, कारण शब्द आपले झाले, विचार त्याचाच राहिला. आणि मूळ ग्रंथ पाहिलाच नसेल तर कोणाच्या पुस्तकातून उचललं ते सरळ सांगायचं. न पाहिलेल्या ग्रंथांनी फुगवलेली संदर्भसूची मला उचललेल्या परिच्छेदापेक्षा जास्त चीड आणते.

सरांचं काय झालं? समितीने देवस्थानांचं प्रकरण नव्याने लिहायला सांगितलं. मी म्हटलं, निदान मिठबावला तरी जाऊन या, माझा भाऊ आहे तिथे. मे महिन्यात गेले. भावाने कलमांत फिरवलं आणि बाहेरचा आंबा देवगडचा म्हणून विकतात यावर तासभर ऐकवलं. हापुसाला भौगोलिक मानांकन मिळालं तेही २०१८ सालीच. दोन-अडीच महिने आधी आमचे नियम, मग आंब्याचे. “दुसऱ्याच्या पेटयेर आपला नाव घालतत,” भाऊ म्हणत होता, आणि सर, तो सांगतो, खाली मान घालून बिटकी चोखत होते.

नवं प्रकरण आलं ते युनिकोडमध्ये, आणि ९ टक्के साम्यासह. पान १४३चं आता १५१ झालं होतं. मजकुरात ‘देवगड तालुक्यातील मिठबाव’. वर तळटीपेचा आकडा. खाली १९८७च्या त्या स्मरणिकेचं नाव, पान, माझं नाव, आणि पुढे एक ओळ : ‘येथे तालुका चुकीचा छापला आहे, प्रत्यक्ष भेटीत पडताळून दुरुस्त केला.’

त्या लेखाला मिळालेला हा पहिला संदर्भ.