मुकेश भुसावळचा होता

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आठवीतल्या एका मुलाने नकला केल्या. आधी भाजीवाला, मग पीटीचे सर. शेवटी त्याने माईक तोंडाजवळ घेतला, आवाज खोल आणि जड केला आणि आपलं नाव मुकेश असल्याचं सांगितलं. पुढचं वाक्य ऐकायला कोणी थांबलंच नाही. अख्खं पटांगण हसलं. पहिल्या रांगेतले पालक हसले, आम्ही शिक्षक हसलो. मी तर टाळीही दिली.

ज्यांनी गेल्या दहा-बारा वर्षांत टॉकीजमध्ये एक तरी सिनेमा पाहिला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. २ ऑक्टोबर २०१२ पासून सिनेमात तंबाखू दिसणार असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर इशाऱ्याची जाहिरात दाखवणं सक्तीचं झालं. सुरुवातीच्या जाहिरातींत हा मुकेश होता. दवाखान्यातला बारीक पोरगा. आपण फक्त एक वर्ष गुटखा खाल्ला, आता तोंडाचं ऑपरेशन आहे, नंतर कदाचित बोलता येणार नाही, असं तो सांगतो. मग निवेदक सांगतो की तो वाचला नाही. वय २४.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातला पॉपकॉर्न हातातच राहिला होता. चौथ्या-पाचव्या वेळी मागच्या रांगेतून कोणीतरी त्याच्याआधीच त्याचं वाक्य म्हटलं आणि लोक हसले. पुढे मोबाईलवर त्याचे विनोद फिरायला लागले. मृत्यूच्या दारात बसलेल्या माणसाचं बोलणं आम्ही वर्गातल्या, कट्ट्यावरच्या, लग्नातल्या थट्टेचं केलं. यात कोणी दुष्ट होतं असं मला वाटत नाही. लोक तिकीट काढून करमणुकीला आलेले असतात. त्यांना तुम्ही तेच भेसूर चित्र पुन:पुन्हा दाखवलं, तर ते एकदा घाबरतील, दोनदा तोंड फिरवतील, तिसऱ्यांदा हसतील. भीतीतून सुटायचा तोच सोपा रस्ता असतो.

आणि कधीकधी त्याच पडद्यावर थोड्या वेळाने मोठमोठे हिरो वेलची चघळत येतात. नाव पानमसाल्याचं, डबी वेलचीची. त्यांच्या तोंडाला केशराचा सुगंध, आणि इकडे याचं तोंडच जाणार! काळा विनोद म्हणायचा तर हा. अक्षयकुमारने एप्रिल २०२२ मध्ये अशा जाहिरातीतून माफी मागून अंग काढून घेतलं, एवढं मात्र त्याच्या खात्यावर लिहायला हवं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासूनच बंदी आहे. पण मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी. गिऱ्हाईक दोन्ही एकत्र करून तोंडात टाकतं.

संमेलनाच्या रात्री मुलाची नक्कल मोबाईलवर पुन्हा पाहिली आणि सहज मुकेशचं नाव शोधलं. मुकेश हराणे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये २००९ साली गेला. गाव भुसावळ.

भुसावळ! देवपुरातून पांझरा ओलांडून धुळ्याच्या स्टँडवर गाडी धरली तर पारोळा, एरंडोल, जळगाव आणि पुढे भुसावळ. जेमतेम सव्वाशे किलोमीटर. आमच्या निम्म्या वर्गाचं कोणी ना कोणी तिकडे असतं. इतकी वर्षं मी त्याला दूरच्या कुठल्यातरी शहरातला समजत होतो, कारण आमच्या टॉकीजमध्ये तो हिंदी बोलायचा.

दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला मी धडा बाजूला ठेवला. मुलांना विचारलं, मुकेश कोण होता? एकाने सांगितलं, ॲक्टर. बाकीच्यांनीही मान डोलावली. फळ्यावर मी ‘भुसावळ’ लिहिलं. जंक्शन, केळी, इतकं त्यांना ठाऊक होतं. मग सांगितलं की तो तिथला होता आणि खरोखर गेला. नक्कल करणारा मुलगा बराच वेळ बाकावर नखाने रेघा ओढत बसला. शेवटी एवढंच म्हणाला, “सर, मेरे को लगा वो झूठमूठ का है.”

त्याचं काय चुकलं? २ फेब्रुवारी २०२४ ला पूनम पांडे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने वारली अशी बातमी आली तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये एक मॅडम दिवसभर हळहळत होत्या. दुसऱ्या दिवशी कळलं की बाई जिवंत आहेत, ती जनजागृती होती. ज्या एजन्सीने ते केलं तिने नंतर माफीही मागितली. मॅडम इतक्या चिडल्या की त्या कॅन्सरबद्दल पुढे कोणी बोललंच नाही. आमच्या शाळेत मुली आहेत, त्यांच्या आयांना त्या लसीविषयी सांगायला हवं होतं. ते राहूनच गेलं. खोटं मरण खरं म्हणून खपवलं, आणि खरं मरण मुलांना खोटं वाटलं.

मी हे एवढं मनाला का लावून घेतलं, तेही सांगतो. ती नक्कल त्या मुलाची नव्हतीच. माझ्या घरात ती त्याच्याआधीपासून चालते. माझे भाईजान वीस वर्षं पुडी खातात. ईदला कबाब त्यांच्या तोंडात जाईना, तुकडे करून घेतले. भाभीने नुसतं पाहिलं, तेवढ्यात भाईजाननी आवाज जड करून आपलं नाव मुकेश सांगितलं. सगळे हसले. त्यानंतर विचारणार कोण? दर वेळी असंच होतं. विषय निघायच्या आधी ते मुकेश होतात.

सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, तोंड उघडेनासं होतं. डॉक्टर त्याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो. घरी बघायचं तर स्वतःची तीन बोटं एकावर एक ठेवून उभी तोंडात जातात का, ते बघायचं.

परवा जेवणानंतर मी त्यांना ते करायला सांगितलं. त्यांनी आवाज जड केला. मी म्हणालो, “भाईजान, वो भुसावल का था.”

ते थांबले. “अपने भुसावल का?”

“हो.”

मग त्यांनी बोटं लावली. दोन गेली नाहीत. पोरं बघत होती, त्यांना काही कळलं नसावं, पण कोणी हसलं नाही. भाभी ताट उचलून आत गेल्या.

सोमवारी सकाळी सिव्हिलला जायचं ठरलं आहे. नेहमीप्रमाणे भाईजान म्हणताहेत की आधी दुकानाचा हिशेब आटोपू, मग बघू. भाभीने मात्र मला दोनदा फोन करून किती वाजता निघायचं ते विचारून घेतलं.