ट्रंकेतला अर्धा रकाना

दोन महायुद्धांमधल्या मराठी वृत्तसृष्टीवरील या धाग्यात सोलापूरचा १९३० चा मार्शल लॉ येऊन गेला, पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव गोगटे यांनी हॉटसनवर झाडलेल्या गोळ्याही. आज थोडे घरचे लिहितो.

आजीच्या लोखंडी ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्राचा एक तुकडा अंथरलेला होता. वरची पट्टी फाटलेली. पत्राचे नाव नाही, तारीख नाही. एका अंगाला युरोपातील युद्धाच्या धास्तीची तार, दुसऱ्या अंगाला औरंगाबादच्या कॉलेजातील संपाचा अर्धा रकाना. आजीचे म्हणणे, तो तिच्या वडिलांनी जपून ठेवला, कारण त्या संपात ते होते.

हा संप म्हणजे १९३८ ची वंदे मातरम् चळवळ. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत आणि औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात विद्यार्थ्यांना हे गीत म्हणण्यास मनाई झाली. त्यांनी ऐकले नाही, तेव्हा त्यांची नावे काढून टाकण्यात आली. अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. तेथील कुलगुरू टी. जे. केदार यांचे नाव त्या पिढीने कृतज्ञतेने घेतले. त्याच शरद ऋतूत हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली होती आणि २४ ऑक्टोबरपासून सत्याग्रहही सुरू झाला होता.

आता या साऱ्याची बातमी आमच्याकडे पोहोचायची कशी? धाराशिव तेव्हा निजामाच्या मुलखात. १९२९ च्या गश्ती क्रमांक ५३ मुळे सभा भरवायची तर आधी परवानगी. हैदराबादेत १९२० पासून ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक निघत होते खरे, पण संस्थानात बसून संस्थानाविरुद्ध किती लिहिणार! मोकळेपणाने लिहायचे ते सरहद्दीपलीकडे. आणि ती सरहद्द आमच्यापासून दूर नव्हती. बार्शी इंग्रजी अमलाखाली. तेथून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी येडशी, ढोकी करीत लातूरला जाई. आजीने वडिलांकडून ऐकलेले असे, की गाडीतून आलेला ‘केसरी’ येडशीस उतरे आणि गावी पोहोचेपर्यंत चार घरांत वाचून झालेला असे.

मला त्या तुकड्याच्या दोन्ही बाजू एकत्र पाहण्याचे वेड लागले आहे. १९३७ साली डॉ. मुंजे यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले. पलीकडे तरुणांनी बंदूक हाती धरावी की नाही, यावर वाद चालू असताना अलीकडची पोरे एका गाण्यासाठी कॉलेजला मुकत होती. अंतर म्हणाल तर एका दिवसाच्या प्रवासाचे.

आणि तरीही ती पोरे एकाएकी उगवली नव्हती. आमच्याच जिल्ह्यातल्या हिप्परग्यास १९२१ पासून राष्ट्रीय शाळा होती. व्यंकटेश खेडगीकर १९२९ मध्ये तेथे मुख्याध्यापक झाले. १९३२ साली संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. मुक्तिसंग्रामाचे पुढचे नेतृत्व या आडगावच्या शाळेत घडत होते, ही गोष्ट मला कोणत्याही सत्याग्रहाइतकीच मोठी वाटते.

राहिले आजीचे वडील. प्रबंधासाठी मी जे जे वाचले, त्यात त्यांचे नाव आढळले नाही. आढळण्याचे कारणही नाही. त्यांना अटक झाली नाही, ते नागपूरला गेले नाहीत. घरची कोरडवाहू जमीन आणि वर्षाचा खर्च पाहून ते गावी परतले व आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज लिहीत राहिले. नागपूरला गेलेल्यांची आठवण ठेवणारे पुष्कळ निघाले. घरी परतलेल्यांची दखल घ्यायला कोणता बातमीदार येणार होता?

पुराव्याअभावी हे नाव प्रबंधात घालता येणार नाही, असे मी आजीला सांगितले तेव्हा ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “मग तो कागद परत दे.” मी दिला. छायाचित्र मात्र आधी काढून घेतले होते. ते परिशिष्टात जाईल, ‘एका खाजगी संग्रहातील कात्रण, दिनांक अनुपलब्ध’ एवढ्या ओळीनिशी. कागद पुन्हा ट्रंकेच्या तळाशी आहे, वर तिची इरकली लुगडी.